नाताळची सुट्टी, नऊ माणसं: गोराई, इमॅजिका आणि महड

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या आणि तिथूनच आमची सहल सुरू झाली. थोरली, वय १२, चौकटीला टाचा टेकवून उभी राहिली. नवऱ्यानं डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली. १४३ सेंटिमीटर. मग धाकटा, वय ७. त्यानं मान ताणली, टाचा उचलल्या, दोनदा ओरडा खाल्ला, तरी ११८ च्या वर काही गेला नाही.

खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं मुलांनी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. नाशिकहून दादा, वहिनी आणि पंधरा वर्षांची भाची येणार होती. आई-बाबा आमच्याकडेच, मुंबईत चारकोपला असतात. म्हणजे माणसं नऊ. बाबांना ७४ वर्षं पूर्ण, रक्तदाबाची गोळी रोजची. आईचा उजवा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. वहिनीला आकाशपाळण्यात बसलं तरी मळमळतं. धाकट्याची उंची तुम्हाला सांगितलीच. मोठमोठ्या राइड्सवर बसू शकतील अशी माणसं नवातली फार तर पाच.

माझ्या ओळखीतले बहुतेक लोक अशा सहलीची आखणी सर्वांत मोठ्या राइडपासून सुरू करतात. मी उलटं केलं. कागदावर आधी चार नावं लिहिली: आई, बाबा, वहिनी, धाकटा. ही चौघं सकाळी अकरा ते संध्याकाळी सात काय करतील, कुठे बसतील, काय खातील, हे आधी ठरवलं. बाकीच्यांचा दिवस आपोआप भरतो, त्यांची चिंता नको. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. उंचीची अट पार्कच्या संकेतस्थळावर राइडनुसार दिलेली असते. ती घरी मुलांना दाखवा आणि घरीच मोजा. रडायचं असेल ते घरी रडून होऊ दे. चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून, काठीखाली उभं करून मुलाला परत पाठवतात तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. त्या दिवशी आमच्या पुढच्या कुटुंबाच्या बाबतीत तेच झालं.

वार मंगळवार निवडला. नाताळ ते एक जानेवारी गर्दी असतेच, पण शनिवार-रविवार टाळला तर श्वास घ्यायला जागा मिळते. तिकिटं तारखेची असतात आणि दरही तारखेनुसार बदलतात, म्हणून ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ऑनलाइन काढली. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगळी आहेत. आम्ही फक्त थीम पार्कचं घेतलं. खोपोलीकडे डिसेंबरात गारवा असतो, ओल्या कपड्यांतल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन मला संध्याकाळ काढायची नव्हती.

मग धाकट्यानं विचारलं, "आई, तू लहानपणी कुठे गेली होतीस?" त्या प्रश्नामुळे सहलीला आणखी एक दिवस जोडला गेला.

सोमवार: गोराईची खाडी

१९९४ च्या डिसेंबरात मी नऊ वर्षांची होते आणि दादा बारा. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. गोराईचं एस्सेलवर्ल्ड हे करमणुकीचं पार्क १९८९ मध्ये सुरू झालेलं, दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागली की चाळीतली सगळी पोरं ती एका सुरात म्हणायची. बाबा गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पूर्वीसारखी कधी चाललीच नाही, पुढे बंद झाली आणि बाबा एका वर्कशॉपमध्ये लागले. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला दोघांना एस्सेलवर्ल्डला नेलं. लोकल, बस आणि मग बोट. बोटीचं अप्रूप मला रोलर कोस्टरपेक्षा जास्त होतं. पण त्या दिवसाचं एक चित्र डोक्यात पक्कं बसलंय: मी वर, पाळण्यात, आणि बाबा खाली दोन पिशव्या आणि पाण्याची बाटली सांभाळत उभे. दिवसभर ते एकाही राइडवर बसले नाहीत. मोठी झाले, पैशांची समज आली, तसं ते चित्र मला टोचायला लागलं.

चारकोपहून गोराई जेट्टी रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, हे मुलांना माहीत होतं. शेजारचं वॉटर किंगडम चालू आहे आणि ग्लोबल विपश्यना पॅगोडाला जाणारे लोक त्याच बाजूला उतरतात. गोराई गावाकडे जाणारी बोट वेगळी, तिच्यात मोटारसायकलीही चढतात. जेट्टीवर विचारूनच तिकीट काढा, दोन्ही रांगा जवळजवळ असतात.

ओहोटी होती. तिवरांच्या मुळांमधला काळा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर बगळे. सुक्या मासळीचा वास वाऱ्यावर येत-जात होता. आमच्याशेजारी गावच्या बोटीची वाट बघत एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. धाकट्याची नजर डब्यावर गेलेली त्यांनी पाहिली आणि झाकण उघडलं. आत कलकल होते, मैद्याचे, साखरेच्या पाकातले, शंखासारखे वळलेले. "घे रे, घे. नाताळचं आहे."

मावशी गोराईच्याच, ईस्ट इंडियन ख्रिश्चन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या कॅथलिक. चार पिढ्या तिथेच. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून ती कशी वळायची, हे त्यांनी वहिनीला रिकाम्या हातांनी करून दाखवलं. नाताळ संपला का, असं थोरलीनं विचारलं तर म्हणाल्या, "संपतो कुठे? आमचं चर्च तीन राजांचं. सहा जानेवारीला सण." गोराईचं होली मॅगी चर्च बेथलेहेमला बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या नावानं आहे, हे इतकी वर्षं दहा मिनिटांवर राहून मला माहीत नव्हतं. एस्सेलवर्ल्डचा विषय आईनं काढला. मावशी खाडीकडे बघत राहिल्या. "सुट्टी लागली की या जेट्टीवर उभं राहायला जागा नसायची. आमच्याकडची किती पोरं तिथे कामाला होती. आता ती सगळी पांगली." त्यांची बोट आली. उतरणीवरून चढताना आईनं त्यांचा हात धरला की त्यांनी आईचा, ते नीट सांगता येणार नाही. दोघींचे गुडघे सारखेच होते.

बोटीतून पॅगोडाचा सोनेरी कळस तिवरांच्या वर दिसायला लागतो. २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाचा नमुना समोर ठेवून तो बांधला आहे. आत सुमारे आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतील एवढा घुमट, व्यास ८५ मीटरच्या घरात, आणि मध्ये एकही खांब नाही. दगड एकमेकांत खाचा करून अडकवलेत. बाबा काचेआडच्या गॅलरीत उभे राहून मान वर करून बघत होते. मुलं शांत बसणार नाहीत अशी मला भीती होती, पण बाबांनी थोरलीला हळूच सांगितलं, "प्रत्येक दगड शेजारच्याला पडू देत नाही. एक काढला तर सांग काय होईल." पुढची दहा मिनिटं ती मुकाट होती. धाकटा बाहेर फरशीवर कबुतरांच्या मागे.

एस्सेलवर्ल्डकडे जाणारी वाट बंद होती. दादा आणि मी जरा वेळ तिथे उभे राहिलो. दादा म्हणाला, "ती उसाच्या रसाची गाडी आठवते का गं?" मला आठवत नव्हती. त्याला माझा बोटीतला हट्ट आठवत नव्हता. दोघांनी मिळून तो दिवस जमेल तेवढा जोडला, आणि बाबांना विचारायचं राहूनच गेलं.

मंगळवार: इमॅजिका

पहाटे पावणेसहाला टेम्पो ट्रॅव्हलर दारात. नऊ माणसांना दोन टॅक्सींपेक्षा हे बरं पडतं, आणि आईला पाय लांब करून बसता येतं. घोडबंदर, ठाणे, कळंबोली, मग द्रुतगती मार्ग. पनवेलच्या पुढे काचा धूसर झाल्या. मुंबईत डिसेंबरात आम्ही पंखा एकवर ठेवतो, त्याला थंडी म्हणतो. इथे शेतांवर धुकं बसलं होतं आणि शेकोटीभोवती माणसं. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे. हाच रस्ता पुढे बल्लाळेश्वराच्या पालीला जातो, त्यामुळे सकाळी गणपतीच्या गाड्याही सोबत असतात.

वेळेच्या पाऊण तास आधी पोचलो ते मुद्दाम. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून न्याहारी वाहनतळावरच केली. आईच्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमधला आल्याचा चहा आणि वहिनीनं नाशिकहून आणलेल्या तिळाच्या वड्या. पोटभर खाऊन आत गेलं की दुपारी दोनपर्यंत कोणी भूक म्हणत नाही आणि एक वेळचा खर्च वाचतो. औषधं मात्र आमच्या हातातल्या पिशवीतच होती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

आत गेल्यावर आम्ही तीन तुकड्या केल्या. उडणारे: दादा, भाची, थोरली, मी. फिरणारे: नवरा आणि धाकटा, लागेल तशी वहिनी. बसणारे: आई, बाबा. आईसाठी व्हीलचेअर घेतली. आधी ती नको नको म्हणाली, "लोक काय म्हणतील", पण पार्क पसरलेलं आहे, दुपारपर्यंत तिनंच ती सोडली नाही. दर दोन तासांनी एका ठरलेल्या जागी भेटायचं, मोबाईल लागो न लागो. आणि एक राइड अशी, जिच्यावर नऊच्या नऊ बसणार. ती चारला.

गर्दी वाढायच्या आधी थेट निट्रोकडे, म्हणजे इथल्या मोठ्या रोलर कोस्टरकडे गेलो. दार उघडल्यावर बहुतेक लोक जवळच्या राइड्सपाशी आणि फोटोंपाशी रेंगाळतात. तो पहिला अर्धा तास सोन्याचा. तरीही आम्हाला चाळीस मिनिटं लागली, दुपारी तीच रांग दुप्पट झालेली पाहिली. थोरली काठीपाशी उभी राहिली, डोकं काठीच्या वर गेलं आणि तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी जपून ठेवलंय.

निट्रोच्या गाडीला तळ नाही. निघताना पायांखालची फळी सरकते आणि पाय नुसते लोंबत राहतात. साखळीचा खडखड आवाज करत गाडी चढते, सुमारे १३० फूट. वरून एका बाजूला सह्याद्रीची रांग दिसते, अजून धुक्यात कमरेपर्यंत बुडलेली. तेवढंच शांत दिसतं. मग खाली. पाच वेळा जग उलटं होतं. भाची किंचाळत होती, दादा देवाचं नाव घेत होता आणि माझ्या शेजारी थोरली पूर्ण गप्प. मला वाटलं घाबरली. गाडी थांबल्यावर म्हणाली, "आई, मी डोळे उघडे ठेवले होते. सगळं बघितलं."

खाली उतरले तर बाबा बाकावर नव्हते. पोटात गोळा आला. आई म्हणाली, "अगं तिकडे बघ." ते कुंपणाला लागून उभे होते आणि गणवेशातला एक तरुण त्यांना हातवारे करून काही समजावत होता. तो देखभालीचं काम करणारा, खालापूर तालुक्यातलाच. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी रुळांची आणि चाकांची तपासणी होते, रिकामी गाडी फिरवून बघतात, मगच माणसं बसवतात, असं तो सांगत होता. बाबांनी विचारलं, "चाकाला लायनिंग कशाचं? आवाज लोखंडावर लोखंडाचा नाही." तो तरुण एकदम खूश झाला. "काका, पॉलियुरेथेन. तुम्ही कुठे होतात?" "गिरणीत. साचेखात्यात, मागांवर फिटर." दोघांचं मग बेअरिंग, ग्रीस, ब्रेक असं बराच वेळ चाललं. त्याला हाक आली तेव्हा जाताना त्यानं बाबांना वाकून नमस्कार केला.

बाकावर बसल्यावर बाबांनी थोरलीला जवळ घेतलं. "तुला काय वाटतं, गाडीला इंजिन कुठे आहे?" ती विचारात पडली. "नाहीच. साखळी एकदा वर नेते. पुढचं सगळं काम उंचीचं. चाळीस मीटरवरून वस्तू सोडली, वाऱ्याचा अडथळा धरला नाही, तर खाली येईपर्यंत तिचा वेग ताशी शंभर किलोमीटर होतो. म्हणून पुढचा प्रत्येक डोंगर पहिल्यापेक्षा ठेंगणा. बघ नीट." आम्ही सगळ्यांनी बघितलं. खरंच होतं. इतका वेळ मी त्याच रांगेत उभी होते आणि मला दिसलं नव्हतं.

तेव्हा मी विचारलं. एकतीस वर्षं मनात होतं ते. "बाबा, गोराईला तुम्ही दिवसभर पिशव्या धरून उभे होतात. तुम्हाला बसायचं नव्हतं, की पैसे नव्हते?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "पैसे नव्हते हे खरं. पण उभा कशाला होतो म्हणतेस? मी मशीन बघत होतो. असं मशीन मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या खात्यात सगळं आडवं चालायचं, हे उभं चाललं होतं. तुमच्यापेक्षा जास्त मजा मला आली असेल." थोडं थांबून म्हणाले, "तू रडत होतीस घरी जाताना, मला वाटलं तुला अजून बसायचंय."

मी रडत होते हे मला आठवत नाही. आईला आठवतंय.

भूक नसली तरी दुपारी जेवायला एकच्या आत गेलो, नंतर बसायला जागा मिळणं कठीण. आईला साधा वरण-भात हवा होता, तो बघून घेतला. मग धाकट्याची पाळी. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर म्हणजे बोटीतून डायनोसॉरच्या जंगलात जायचं, आणि शेवटी पाण्यात उडी. मोठ्या माणसाबरोबर त्याला चाललं. राजासॉरस हे नाव पार्कनं बनवलेलं नाही, तो खरोखरचा भारतीय डायनोसॉर. नर्मदेच्या खोऱ्यातल्या दगडांत, गुजरातेत, त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव मिळालं. धाकट्याला हे घरीच सांगून ठेवलं होतं. रांगेत तो अनोळखी मुलांना सांगत सुटला, "हा आपल्या इथला आहे, अमेरिकेतला नाही." भिजून चिंब होऊन दोघं बाहेर आले. मुलांसाठी एक कोरडा जोड, मोज्यांसकट, बरोबर ठेवाच. पट्ट्याचे सँडल घाला, चपला नकोत, बऱ्याच राइड्सना चपला काढून ठेवायला लावतात.

वहिनीनं दिवसभरात दोनच राइड्स केल्या आणि ती कंटाळली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती आणि आई सावलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साड्या, स्वेटर बघत होत्या. सोलापूरहून लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आलेलं एक कुटुंब त्यांना भेटलं. निघेपर्यंत वहिनीकडे रुखवताच्या वस्तूंची आख्खी यादी आणि आईकडे शेंगा-चटणीची कृती.

चारला नऊही जण अलिबाबाच्या गुहेपाशी. गाडीत बसून, अंधारातून जात, समोरच्या निशाणांवर बंदूक रोखायची. धक्के नाहीत, उलटंपालटं नाही, आईला चढायला-उतरायला मदत मिळाली. भाची मोबाईलवर असले खेळ दिवसभर खेळते, ती जिंकणार हे गृहीत होतं. बाहेर आल्यावर गुण पाहिले तर आई सगळ्यांच्या पुढे. "अगं, मी शांतपणे नेम धरत होते, तुम्ही सगळे ओरडत होता." धाकट्यानं तिला सलाम ठोकला. रात्रीपर्यंत तो तिला सरदार म्हणत होता.

सूर्य मावळला तसा वारा अंगाला झोंबायला लागला. पार्कमधली मिरवणूक बघताना दुपारी टी-शर्टात हिंडणारी माणसं हात खाकेत घालून उभी होती. स्वेटर गाडीत ठेवू नका, लॉकरमध्ये ठेवा. गाडीपर्यंत जाऊन परत यायचं त्राण संध्याकाळी कोणात नसतं.

मग एक गोष्ट बिघडली. खोपोलीतल्या एका लॉजवर तीन खोल्या आगाऊ पैसे भरून ठेवल्या होत्या. पोचलो तर एक खोली दुसऱ्यांना दिलेली. मी भांडले, मनापासून भांडले, कारण आईला पाठ टेकायला जागा हवी होती. त्या खोलीचे पैसे परत मिळाले, खोली मिळाली नाही. नाताळच्या आठवड्यात आदल्या दिवशी फोन करून पुन्हा खात्री करा आणि ती लेखी घ्या. आम्ही केली नव्हती.

आमचे चालकदादा हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "ताई, जेवायचं इथे बघू नका. माझी सासुरवाडी जवळच आहे. आज पोपटी लावणार आहेत." मी संकोचले. बाबा म्हणाले, "पोपटी? चला." आणि ते गाडीत जाऊनही बसले.

गावात शिरलो तेव्हा घरामागच्या मोकळ्या शेतात पोपटीचं मडकं भरण्याचं काम चाललं होतं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडे मीठ, मग बटाटे, रताळी, अंडी, परत शेंगा, वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. शेंगा नुकत्या सुरू झाल्यात, संक्रांतीनंतर याहून भरलेल्या मिळतील, असं घरच्या आजींनी सांगितलं. मडकं उपडं ठेवून भोवती गोवऱ्या आणि पेंढा रचला आणि पेटवला. मुलं जाळाभोवती फेर धरून. अर्ध्या तासानं चालकदादांच्या मेव्हण्यानं मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्र करून लगेच उडाले. "झाली."

परातीत मडकं उलटं केलं तसा जो वास आला, तो ओव्याचा आणि जळक्या पाल्याचा, तो अजून माझ्या शालीला आहे. शेंगा सोलायच्या, बोटं भाजून घ्यायची, खायचं. धाकट्यानं रताळं खाल्लं, घरी तो रताळ्याकडे बघत नाही. पैशांचं नाव काढलं तर आजी रागावल्या. मग वहिनीनं उरलेल्या तिळाच्या वड्यांचा डबाच त्यांच्या हातात दिला, तो मात्र त्यांनी घेतला. चांदण्या इतक्या होत्या की थोरली आकाशपाळण्यातून उतरल्यासारखी डोलत चालत होती, मान वर करून.

लॉजवर दोन खोल्यांत नऊ माणसं, गाद्या खाली टाकून. दिवा मालवल्यावर दादा अंधारात म्हणाला, "लालबाग." कोणीतरी हसलं. मग सगळे झोपलो.

बुधवार: महड आणि पाइप

आईची एकच मागणी होती: वरदविनायक. इथे एक सूचना, कारण आमची अर्धी सकाळ तीत गेली असती. मोबाईलवर पत्ता टाकताना "महड" आणि "महाड" यांत गल्लत होते. महाड म्हणजे चवदार तळ्याचं, रायगडाजवळचं, इथून खूप दूर. अष्टविनायकांतला वरदविनायक महडला, खोपोलीपासून अगदी जवळ. एका कान्याचा फरक.

देऊळ १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधल्याचं सांगतात, आणि गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून तेवतोय अशी श्रद्धा आहे. बुधवार असल्यानं रांग लहान होती. आई देवळामागच्या तळ्याकाठी बराच वेळ बसली. काय मागितलं, ते तिनं सांगितलं नाही, पण उठताना माझ्या खांद्याला धरून उठली आणि म्हणाली, "गुडघा आज बरा आहे."

खोपोलीत रमाकांतचा बटाटावडा खाल्ला. कढईतून थेट पावात. गाडीत बसून खायला आणखी बांधून घेतला, ती चूक नव्हती.

निघताना बाबांनी चालकदादांना गाडी बाजूला घ्यायला लावली. डोंगरावरून जाड पाइप खाली उतरलेले दिसत होते. "खोपोलीचं पॉवर हाउस. टाटांचं. १९१५ चं." वर लोणावळ्याला वळवणचं धरण, तिथलं पावसाचं साठवलेलं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून या पाइपांतून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग पाताळगंगेला मिळतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून हे उभारलं. आधी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या.

"म्हणजे तुमची गिरणी या पाण्यावर चालायची, आजोबा?" थोरलीनं विचारलं.

"आमच्या खात्यातला दिवा, साचा, सगळं. इतकी वर्षं काम केलं, वीज येते कुठून ते पहिल्यांदा बघतोय." ते रस्त्याच्या कडेला टोपी हातात घेऊन उभे होते. मागून ट्रक जात होते. आई म्हणाली, "अहो, ऊन लागेल," तरी हलले नाहीत.

"कालच्यासारखंच की," थोरली म्हणाली. "साखळीच्या जागी पाऊस. वर नेऊन ठेवतो."

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि इमॅजिकाच्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडायला घेतले. निट्रोचे चाळीस मीटर, इथले पाचशे, म्हणजे बारापटीहून जास्त. आता एका गाडीत माणसं किती, वजन किती धरायचं, आणि तेवढ्या पाण्यात एक साचा किती वेळ चालेल? थोरली म्हणाली मामाचं वजन वेगळं धरा. भाचीनं मोबाईलचा कॅलक्युलेटर पुढे केला, तो दोघांनीही घेतला नाही. धाकटा वड्याचा कागद हातात धरून झोपला. पनवेल मागे पडलं तरी त्या दोघांचं गणित सुटलं नव्हतं.